काडतुसांचा हिशेब आणि नेमबाजाची साधना

(नेमबाजी शिकणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



१ ऑगस्ट २०२४ या दिवशी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक पटकावले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी या छोट्याशा गावचा हा युवक. या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले, त्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले. साऱ्या महाराष्ट्राने त्या दिवशी पेढे वाटले, ते योग्यच झाले. परंतु त्या आनंदात एक वृत्त अनेकांनी वाचले आणि विसरूनही गेले. मुलाच्या सरावात खंड पडू नये, त्याला काडतुसे कमी पडू नयेत, म्हणून त्याच्या शिक्षक वडिलांना कर्ज काढावे लागले होते.

या वृत्तात नेमबाजीचे खरे दुखणे दडलेले आहे. कुस्तीला खुराक लागतो, धावण्याला बूट लागतात, क्रिकेटला बॅट लागते. पण बॅट एकदा घेतली की वर्षभर चालते. नेमबाजाचे तसे नाही. रायफल एकदाच घ्यावी लागते, ती क्लबचीही मिळू शकते. काडतूस मात्र प्रत्येक वेळी नवे लागते. ट्रिगर ओढला की पैसे खर्च झाले, ते परत येत नाहीत. मध्यमवर्गीय घरातील गुणी मुले या खेळातून बाहेर पडतात, ती बहुधा दृष्टी अधू झाली म्हणून नव्हे. घरातील मासिक खर्चाच्या वहीत हा रकाना मावेनासा होतो म्हणून. तेव्हा नियमित सरावासाठी परवडणारी आणि तरीही उपयोगी पडणारी काडतुसे कशी निवडावीत, हा प्रश्न वरवर कितीही किरकोळ वाटला, तरी अनेक मुलांचे भवितव्य त्याच्याशी जोडलेले आहे.

काडतुसाचे अंतरंग

५० मीटर रायफल प्रकारात वापरले जाते ते पॉइंट टू-टू लाँग रायफल या नावाचे काडतूस. अमेरिकेतील स्टीव्हन्स या कंपनीने १८८७ साली ते प्रथम बाजारात आणले. तेव्हापासून आजवर त्याचे मूळ स्वरूप फारसे बदललेले नाही. त्याची गोळी ५.६ मिलिमीटर व्यासाची, शिशाची आणि साधारण ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम वजनाची असते. पितळी पुंगळीच्या बुडाशी जी कडा असते, तिच्या आतील पोकळीत स्फोटक मसाला भरलेला असतो. रायफलीची पिन या कडेवर आपटते, मसाला पेटतो, त्याने पुंगळीतील दारू पेटते आणि गोळी सुटते. या रचनेमुळेच हे काडतूस मोठ्या रायफलीच्या काडतुसापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. पण त्याच रचनेची दुसरी बाजू अशी, की एकदा वापरलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही. मोठ्या काडतुसांच्या बाबतीत परदेशातील नेमबाज जी काटकसर करतात, ती येथे शक्य नाही. येथे काटकसर करायची ती निवडीतच करावी लागते.

कडेच्या पोकळीत मसाला सर्वत्र सारखा पसरणे, दारूचे प्रमाण प्रत्येक पुंगळीत सारखे असणे, गोळीचे वजन आणि आकार एकसारखा असणे आणि गोळी पुंगळीत सारख्याच घट्टपणे बसवलेली असणे, या चार गोष्टींवर काडतुसाचा दर्जा ठरतो. महाग काडतूस अधिक जोरात मारते, हा समज चुकीचा आहे. महाग काडतूस प्रत्येक वेळी सारखे मारते. पैसे मोजायचे ते या सारखेपणाचे.

एक मिलिमीटरची किंमत

५० मीटरवरील लक्ष्यफलकात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे करंगळीच्या नखाएवढे. त्याच्या बाहेरचे प्रत्येक कडे ८ मिलिमीटर रुंद असते. गोळी ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने नळीतून सुटली, तर ५० मीटर अंतर कापायला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतो आणि तेवढ्या अवधीत गुरुत्वाकर्षणाने ती साधारण १२ सेंटिमीटर खाली येते. ही घसरण नेहमी तेवढीच असेल तर चिंता नाही. साइट त्याप्रमाणे लावलेली असते. परंतु एका गोळीचा वेग ३२५ आणि दुसरीचा ३१५ असेल, तर दुसरी गोळी पहिलीपेक्षा सुमारे साडेसात मिलिमीटर खाली लागते. म्हणजे नेमबाजाने दोन्ही वेळा अगदी सारखाच नेम धरला असूनही जवळपास एका गुणाचा फरक पडला. दोष नेमबाजाचा नव्हे, काडतुसाचा.

हे ऐकून पालकांना वाटेल, की मग सर्वांत महाग तेच घ्यायला हवे. येथेच थोडे गणित करायला हवे.

गोळ्या फलकावर विखुरतात त्याची दोन मुख्य कारणे असतात. एक, नेमबाजाच्या हाताची, श्वासाची आणि ट्रिगरवरील बोटाची अस्थिरता. दुसरे, काडतूस आणि नळी यांची स्वतःची चूक. या दोहोंची बेरीज सरळ होत नाही. दोघांचे वर्ग करून बेरीज करावी लागते आणि मग वर्गमूळ काढावे लागते. समजा, एखाद्या शिकाऊ मुलाच्या दहा गोळ्या, काडतूस निर्दोष मानले तरी, ३० मिलिमीटरच्या घेरात पडतात. त्याला २० मिलिमीटरचा घेर देणारे स्वस्त काडतूस दिले, तर एकूण घेर सुमारे ३६ मिलिमीटर होईल. १२ मिलिमीटरचा घेर देणारे महाग काडतूस दिले, तर एकूण घेर सुमारे ३२ मिलिमीटर होईल. दुप्पट-तिप्पट पैसे मोजून लाभ झाला चार मिलिमीटरचा. तो त्याला फलकावर धड दिसणारही नाही.

आता ज्याचा स्वतःचा घेर १० मिलिमीटरवर आला आहे, अशा पोचलेल्या नेमबाजाचा विचार करू. स्वस्त काडतुसाने त्याचा एकूण घेर २२ मिलिमीटरवर जातो, चांगल्या काडतुसाने तो साडेपंधरावर येतो. त्याच्या बाबतीत तोच फरक पदक आणि चौथा क्रमांक यांमधला फरक होतो.

निष्कर्ष सरळ आहे. काडतूस नेमबाजाच्या पायरीप्रमाणे चढवावे. हात स्थिर होण्याआधी काडतुसावर केलेला खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

स्वस्ताची लक्ष्मणरेषा

तथापि, याचा अर्थ जे सर्वांत स्वस्त मिळेल ते उचलावे, असाही नाही. स्वस्ताईलाही एक मर्यादा आहे आणि ती ओलांडली की सराव हानिकारक होऊ लागतो.

चांगला प्रशिक्षक विद्यार्थ्याला एक सवय लावतो. गोळी सुटताच, फलकाकडे पाहण्याआधी, ती कोठे लागली असेल ते विद्यार्थ्याने सांगायचे. 'उजवीकडे, किंचित खाली, नऊ.' मग फलक पाहायचा. अंदाज आणि प्रत्यक्ष जुळू लागले, की समजावे मुलगा शिकू लागला. ही नेमबाजीतील आत्मपरीक्षणाची रीत आहे. आता जर काडतूसच बेभरवशाचे असेल, पाच गोळ्या ठीक आणि सहावी कारण नसताना दोन इंच दूर, तर या आत्मपरीक्षणाचा पायाच ढासळतो. मुलगा निर्दोष असताना स्वतःला दोष देतो, नसलेली चूक सुधारू पाहतो आणि चांगली लागलेली सवय मोडून टाकतो. दुसरा मुलगा याच्या उलट करतो. प्रत्येक चुकीचे खापर काडतुसावर फोडतो. दोघांचीही प्रगती खुंटते. म्हणून सरावाचे काडतूस साधे असावे, पण प्रामाणिक असावे. त्याचा घेर मोठा असला तरी चालेल, तो नेहमी तेवढाच असला पाहिजे.

वेगाचा मोह

बाजारात काही काडतुसांच्या खोक्यांवर अतिवेगवान असल्याचे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. गोळीवर तांब्याचा मुलामा असतो, ती चकचकीत दिसते आणि अनेकदा स्वस्तही असते. तरुण मुलांना तिचे आकर्षण वाटते. ही काडतुसे मुख्यतः परदेशांतील लहान शिकारीसाठी बनवलेली असतात. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली आहे, त्यामुळे तो उपयोग येथे नाहीच. आणि लक्ष्यवेधासाठी तर ती सोयीची नाहीत.

कारण असे. सामान्य हवामानात ध्वनीचा वेग साधारण ३४३ मीटर प्रतिसेकंद असतो. स्पर्धेची काडतुसे हेतुपुरस्सर त्याच्या खाली, ३२० ते ३३५ च्या आसपास ठेवलेली असतात. अतिवेगवान गोळी ३८० च्या आसपास वेगाने सुटते आणि अंतर कापता कापता मंदावत ध्वनीच्या वेगापाशी येते. त्या संधिकाळात तिच्याभोवतीचा हवेचा प्रवाह बदलतो, ती डळमळते आणि फलकावरील घेर वाढतो. आणखी एक गंमत म्हणजे, वाऱ्याने ती मंद गोळीपेक्षा अधिक सरकते. ध्वनीच्या वेगापाशी हवेचा रोध एकदम वाढत असल्याने तिचा वेग झपाट्याने घटतो, आणि वाऱ्याने होणारे सरकणे या घटीशी निगडित असते. तेव्हा खोक्यावर 'स्टँडर्ड' किंवा 'टार्गेट' वेगाची, ४० ग्रेन वजनाची, साध्या शिशाची गोळी असल्याची खात्री करून घ्यावी. सरावासाठी तीच योग्य.

दर्जाची उतरंड

स्पर्धेच्या जगात काही नावे सर्वत्र परिचित आहेत. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमची एली, जिची परंपरा १८२८ पर्यंत मागे जाते, जर्मनीची आरडब्ल्यूएस, आणि फिनलंडची लापुआ व तिच्याच परिवारातील, जर्मनीतील शोनेबेक येथे तयार होणारी एसके. प्रत्येकाच्या मालाची एक उतरंड आहे. एलीमध्ये शिखरावर टेनेक्स, त्याखाली मॅच, टीम आणि मग क्लब, स्पोर्ट असा क्रम येतो. आरडब्ल्यूएसचे आर-५० शिखरावर, तर रायफल मॅच आणि टार्गेट रायफल मधल्या व खालच्या पायऱ्यांवर. लापुआमध्ये एक्स-अ‍ॅक्ट, मिडास प्लस आणि सेंटर-एक्स. त्याखाली एसकेचे रायफल मॅच आणि स्टँडर्ड प्लस. अमेरिकेच्या सीसीआयचे स्टँडर्ड व्हेलॉसिटी हे काडतूसही साध्या सरावासाठी जगभर वापरले जाते.

आपल्या देशातही आयुध निर्माणींमधून पॉइंट टू-टूची काडतुसे तयार होतात. या निर्माणींची १ ऑक्टोबर २०२१ रोजी पुनर्रचना झाली आणि दारूगोळ्याचे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुण्यात मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीकडे आले. एनसीसीच्या छात्रांनी पहिली गोळी झाडली ती बहुधा देशी काडतुसाचीच. सुरक्षित हाताळणी, शरीराची ठेवण, श्वास आणि ट्रिगर यांचे पहिले धडे त्यावर गिरवता येतात. पुढे स्पर्धेच्या पातळीवर आयात मालाशी त्याची तुलना करायची ती अभिमानाने नव्हे आणि न्यूनगंडानेही नव्हे, फलकावरच्या घेराने करावी. फलक कोणाची भीड ठेवत नाही.

उतरंडीविषयी एक गोष्ट पालकांनी अवश्य ध्यानात घ्यावी. अनेक कारखान्यांत वरच्या दोन-तीन दर्जांची काडतुसे मुळात एकाच पद्धतीने तयार होतात. प्रत्येक घाणा, ज्याला लॉट म्हणतात, चाचणीसाठी झाडून पाहिला जातो आणि त्याच्या निकालावरून त्याला वरचे किंवा खालचे नाव मिळते. ही चाचणी कारखान्यातील नळ्यांवर झालेली असते. मुलाच्या हातातील रायफलीची नळी वेगळी. त्यामुळे मधल्या दर्जाचा एखादा लॉट त्या विशिष्ट नळीत वरच्या दर्जाइतकाच सरस ठरतो, असा अनुभव जगभरच्या नेमबाजांना येतो. काटकसरीची खरी संधी येथे आहे. नाव विकत न घेता लॉट विकत घ्यावा.

नळीचा स्वभाव ओळखावा

मग लॉट पारखायचा कसा? पद्धत साधी आहे, फक्त धीर हवा.

तीन-चार निरनिराळ्या प्रकारांची दोन-दोन खोकी आणावीत. एका खोक्यात ५० काडतुसे असतात. शक्य तर रेंजवर रायफल शिकंज्यात घट्ट बसवून, नाहीतर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून, वारा पडलेला असताना सकाळच्या वेळी चाचणी घ्यावी. काडतूस बदलले की पहिल्या १५-२० गोळ्या हिशेबात धरू नयेत. प्रत्येक कंपनी गोळीवर निराळ्या प्रकारचे मेण वा चिकट वंगण लावते. नळीत आधीच्या वंगणाचा थर असतो, तो जाऊन नवा बसेपर्यंत घेर खरा दिसत नाही. मग दहा-दहा गोळ्यांचे चार-पाच पुंजके घ्यावेत आणि प्रत्येकाचा घेर मोजून त्यांची सरासरी काढावी.

येथे एक मोह टाळावा. पाच गोळ्यांचा एक सुंदर पुंजका पडला, की तोच कापून खिशात ठेवावासा वाटतो. पण पाच गोळ्यांत योगायोग पुष्कळ असतो. निर्णय सरासरीवर आणि सर्वांत वाईट पुंजक्यावर करावा, सर्वांत चांगल्यावर कधीही नव्हे. स्पर्धेत तो एकच वाईट पुंजका घात करतो.

लॉट पसंत पडला, की त्याचा क्रमांक वहीत लिहावा आणि झेपेल तेवढा माल त्याच क्रमांकाचा घ्यावा. पुढच्या वर्षी त्याच नावाचे, त्याच रंगाचे खोके मिळेल. पण क्रमांक निराळा असेल तर ते निराळे काडतूस समजून पुन्हा पारखावे. चाचणीसाठी खर्च झालेली दोन-तीनशे काडतुसे वाया गेली असे काहींना वाटते. तसे नाही. वर्षभरात हजारो काडतुसे चुकीची घेण्यापेक्षा ही फी पुष्कळच कमी आहे.

वर्षाचा अर्थसंकल्प

आता घरच्या वहीकडे वळू. पुढील किमती केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेल्या आहेत; बाजारभाव आयातशुल्काप्रमाणे आणि परकी चलनाच्या दराप्रमाणे बदलत असतो. समजा साधे काडतूस २० रुपयांना, मधले ३५ रुपयांना आणि शिखरावरचे ६० रुपयांना मिळते. मुलगा आठवड्यातून दोनदा रेंजवर जातो आणि दर वेळी ६० गोळ्या झाडतो. वर्षातील ५० आठवडे धरले, तर ६,००० काडतुसे झाली. सगळी शिखरावरची घेतली तर खर्च ३ लाख ६० हजार रुपये. हा आकडा ऐकताच बहुतेक घरांतला विषय तेथेच संपतो.

आता वाटणी करू. ४,८०० काडतुसे साधी, खर्च ९६ हजार. १,००० काडतुसे मधली; ती स्पर्धेआधीच्या महिन्यांत, पूर्ण ६० गोळ्यांच्या सराव-सामन्यांसाठी, खर्च ३५ हजार. आणि २०० काडतुसे शिखरावरची, केवळ प्रत्यक्ष स्पर्धांसाठी व त्याआधी साइट लावण्यासाठी, खर्च १२ हजार. एकूण १ लाख ४३ हजार. सराव तेवढाच झाला आणि खर्च निम्म्याहूनही खाली आला. अगदी नवशिक्या मुलाला तर शिखराची पायरी लागतच नाही. एक पथ्य मात्र पाळावे. स्पर्धेचे काडतूस स्पर्धेच्या दिवशी प्रथमच नळीत घालू नये. दोन काडतुसांचा मार फलकावर वेगवेगळ्या जागी पडतो. साइटला किती क्लिक द्यायचे, ते आधीच लिहून ठेवलेले असावे.

दुसरी बाब म्हणजे एकत्रित खरेदी. क्लबातील दहा-बारा पालकांनी आपली वर्षाची गरज एकत्र मांडली आणि क्लबाने राज्य संघटनेमार्फत एकदम मागणी नोंदवली, तर एकाच लॉटचा माल मिळण्याची शक्यता वाढते, वाहतुकीचा खर्च वाटला जातो आणि चाचणीही एकत्र करता येते. सहकाराची परंपरा महाराष्ट्राला शिकवावी लागत नाही. साखर आणि दूध यांत जे जमले, ते काडतुसांत न जमण्याचे कारण नाही.

गोळीविना साधना

पालकहो, सर्वांत स्वस्त काडतूस म्हणजे न झाडलेले काडतूस. नेमबाजीचा फार मोठा भाग गोळीविना शिकता येतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे रिकाम्या रायफलीने भिंतीवरील लहान लक्ष्यावर नेम धरून ट्रिगर ओढण्याचा सराव, जगातील सर्व मोठे नेमबाज करतात. गोळीचा आवाज आणि धक्का नसल्याने ट्रिगर ओढताना साइट हलली का, हे लख्ख दिसते. मात्र दोन काळज्या घ्याव्यात. सरावाच्या खोलीत एकही जिवंत काडतूस नसावे आणि रायफल रिकामी असल्याची दोघांनी खात्री करावी. शिवाय पॉइंट टू-टू रायफलीची पिन रिकाम्या कोठीवर पुनःपुन्हा आपटली तर पिन आणि कोठीची कडा दोन्ही खराब होऊ शकतात. म्हणून निर्मात्याने दिलेली ड्राय-फायरची सोयच वापरावी.

दुसरा मार्ग एअर रायफलचा. १० मीटरवरील एअर रायफलमध्ये ४.५ मिलिमीटरचे शिशाचे छर्रे लागतात. स्पर्धेच्या दर्जाचा छर्राही काडतुसाच्या मानाने कितीतरी स्वस्त असतो. तेथे दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे शिस्तीत कोठेही सूट मिळत नाही. अंजली भागवत, सुमा शिरूर, अभिनव बिंद्रा, गगन नारंग यांची कीर्ती प्रामुख्याने याच प्रकारातली. उभ्याने मारण्याची पोझिशन, श्वास, ट्रिगर, मनाची एकाग्रता हे सर्व एअर रायफलवर घोटून घ्यावे. काडतूस खर्चावे ते तिला जे शिकवता येत नाही त्यासाठी. म्हणजे वारा वाचणे, गुडघ्यावर बसून आणि पालथे पडून मारणे आणि गोळीचा धक्का पचवणे.

प्रत्येक गोळीला हेतू असावा. आज फक्त ट्रिगर, आज फक्त वारा, असे ठरवून झाडलेल्या ३० गोळ्या हेतूविना झाडलेल्या १०० गोळ्यांपेक्षा अधिक शिकवतात. ज्यांना काडतुसे मोजून मिळाली, त्यांनी प्रत्येक गोळीचे मोल जाणले. अभावाने दिलेली ही शिस्त सुबत्ता आली तरी सोडू नये.

कायदा, सुरक्षा आणि आरोग्य

स्वस्ताईच्या शोधात एक वाट कायमची बंद समजावी, ती म्हणजे कायद्याबाहेरची. पॉइंट टू-टू रायफल आणि तिची काडतुसे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली आणि २०१६ च्या शस्त्र नियमांखाली येतात. परवानाधारकाने परवान्यातील मर्यादेतच, अधिकृत मार्गाने खरेदी करावी. प्रत्येक काडतुसाची नोंद ठेवावी. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये नेमबाजांसाठी शस्त्रांची संख्या आणि सरावाच्या काडतुसांची मर्यादा वाढवली. या सवलती कोणाला आणि किती लागू होतात, हे राज्य संघटनेकडून नीट समजून घ्यावे. ओळखीतून, पावतीविना मिळणारे काडतूस कितीही स्वस्त असले तरी त्याची किंमत मुलाचे भवितव्य हीच असते. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० जूलपर्यंत शक्तीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. तथापि तीही खेळणे नव्हे.

काडतुसे कुलुपात, रायफलीपासून वेगळी, मुलांच्या हाताबाहेर ठेवावीत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातील दमटपणा त्यांचा शत्रू असतो. मूळ खोक्यात, बंद डब्यात, कोरड्या आणि थंड जागी ठेवल्यास ती अनेक वर्षे टिकतात. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ती विसरू नयेत. झाडताना ट्रिगर ओढूनही काडतूस उडाले नाही, तर रायफल लक्ष्याकडेच रोखून किमान अर्धा मिनिट थांबावे, रेंज अधिकाऱ्याला सांगावे आणि मगच बोल्ट उघडावा.

शिसे विषारी असते आणि मुलांना त्याचा अपाय अधिक होतो. गोळी शिशाची असते, मसाल्यातही बहुधा शिशाचे संयुग असते. रेंजवर खाऊपिऊ नये. सराव संपताच साबणाने हात आणि तोंड धुवावे. सरावाचे कपडे वेगळे धुवावेत. बंदिस्त रेंजमध्ये हवा खेळती हवी आणि तेथे कोरडा झाडू मारू नये. ही सावधगिरी फुकट आहे. तिच्यात काटकसर नको.

मावळंकरांचा वारसा

हा खेळ श्रीमंतांचा, संस्थानिकांचा, असे पूर्वी मानले जाई. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. त्यांच्या नावाची अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा आजही होते आणि असंख्य नवोदितांसाठी राष्ट्रीय स्पर्धेचा दरवाजा तेथूनच उघडतो. रायफल सामान्य नागरिकाच्या हाती, शिस्तीने आणि कायद्याच्या चौकटीत यावी, या विचाराला त्यातून चालना मिळाली. एनसीसीतून वरळीच्या रेंजवर आलेली अंजली भागवत, २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवणारी कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि पॅरिसचा स्वप्नील कुसाळे ही त्या विचाराची फळे आहेत. यांपैकी कोणीही सोन्याचा चमचा तोंडात घेऊन आले नव्हते.

परंतु प्रत्येक गुणी मुलाच्या वडिलांनी कर्ज काढावे, ही काही गौरवाची परंपरा म्हणता येणार नाही. पदक मिळाल्यावर सत्काराच्या शाली पांघरण्यापेक्षा, पदकाच्या दहा वर्षे आधी एखाद्या होतकरू मुलीच्या वर्षभराच्या साध्या काडतुसांचा खर्च एखाद्या पतपेढीने, एखाद्या उद्योजकाने, एखाद्या गणेशोत्सव मंडळाने उचलला, तर ते अधिक पुण्याचे काम होईल. वर केलेला हिशेब सांगतो, की शहाणपणाने निवड केली तर ही रक्कम एका मंडपाच्या रोषणाईहून अधिक नाही.

तोवर पालकांच्या हाती आहे ते त्यांनी करावे. मुलाच्या पायरीला साजेसे काडतूस निवडावे, नळीवर पारखावे, लॉट क्रमांक वहीत लिहावा, एकत्र खरेदी करावी, घरी ड्राय प्रॅक्टिस रोज करून घ्यावी. आणि येत्या रविवारी रेंजवर गेल्यावर मुलाला एकच प्रश्न विचारावा, 'आज किती गोळ्या झाडल्यास?' असे नव्हे, तर 'आज किती गोळ्या कोठे लागणार ते तुला आधी सांगता आले?' या प्रश्नाचे उत्तर दर महिन्याला वाढत असेल, तर खर्च झालेला प्रत्येक रुपया सत्कारणी लागला असे समजावे.